बास गरवताना: आधी पाणी, मग ल्यूर, रंग सगळ्यात शेवटी

डबा उघडायचा, त्यातला सगळ्यात चकचकीत ल्यूर, म्हणजे बनावट आमिष, उचलायचा आणि हाताशी असेल त्या काठीला बांधून फेकायचा. दुपारपर्यंत डब्यातले दहा-बारा ल्यूर पाणी बघून येतात, मासा मात्र एकही नाही. मग दोष रंगाला, आणि परतताना आणखी एका रंगाची खरेदी. बास गरवणाऱ्यांच्या हातून हे इतक्या वेळा होताना पाहिलंय की शेवटी सगळा क्रम एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं.

ल्यूर बहुतेक वेळा ठीकच असतो, चुकतो तो क्रम. पाणी कसं आहे, मासा किती खोलीवर आणि कशाच्या आडोशाला असेल, किती वेगाचं आमिष त्याला झेपेल, त्या खोलीवर त्या वेगाने कोणता ल्यूर चालतो, त्या ल्यूरला कोणती लाइन (गरवायची दोरी) लागते आणि त्या लाइनला कोणती काठी, अशा पायऱ्या उतरत जायचं. रंगाचा विचार या सगळ्यानंतर.

इथे बास म्हणजे गोड्या पाण्यातले लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ. समुद्रातल्या सी बासचा हिशोब वेगळा. लार्जमाउथला संथ पाणी, गवत आणि बुडालेली लाकडं आवडतात. स्मॉलमाउथ दगड, खडी, जरा थंड आणि वाहतं पाणी धरून राहतो. एकाच तलावात दोघे असले तरी दोघांना एकाच जागी शोधू नका.

## निघण्यापूर्वी

परवाना आणि नियम आधी बघा. अमेरिकेत राज्यागणिक आणि कॅनडात प्रांतागणिक हंगाम, किमान लांबी, किती मासे ठेवता येतात हे सगळं बदलतं. न्यू हॅम्पशायर, व्हरमाँटसारख्या काही राज्यांत लहान शिशाच्या वजनांवर बंदी आहे. तिथे टंगस्टन, पोलाद यांसारखं शिसं नसलेलं वजन वापरावं लागतं. पकडलेला मासा सोडून देणं सगळीकडे पुण्याचं काम समजलं जात नाही, हेही लक्षात असू द्या. जपानमध्ये बास हा बाहेरून आलेला उपद्रवी मासा मानतात आणि शिगा प्रांतातल्या बिवा सरोवरात पकडलेला बास परत पाण्यात सोडायला मनाई आहे.

सोबत एवढं हवंच: लांब नाकाची पक्कड, वायर कापेल अशी कात्री, पाण्याचा थर्मामीटर, गळाला धार लावायची छोटी कानस आणि पोलराइज्ड चष्मा. चष्म्यामुळे पाण्यावरची चकाकी जाऊन खालचं गवत आणि दगड दिसतात, आणि अडकलेला ल्यूर सुटून तोंडावर आला तर डोळा वाचतो. दुसरं कारण मी पहिल्यापेक्षा मोठं मानतो.

## टप्पा १: पाणी वाचा

पहिली दहा मिनिटं काठीला हात लावू नका.

नितळपणा. एक सुटा पांढरा ल्यूर लाइनच्या तुकड्याला बांधून सावलीच्या बाजूला सरळ खाली सोडा आणि कुठे दिसेनासा होतो ते बघा. ३० सेंटिमीटरच्या आत गायब झाला तर पाणी गढूळ. ३० सेंटिमीटर ते साधारण एक मीटर म्हणजे मध्यम. त्यापुढेही दिसत राहिला तर नितळ. पुढचे निम्मे निर्णय या एका चाचणीवर अवलंबून आहेत, तरी ती करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

तापमान. मासा थंड रक्ताचा, त्यामुळे पाणी जेवढं गार तेवढी त्याची भूक आणि चपळाई कमी. ढोबळ हिशोब असा धरा:

- १० अंश सेल्सिअसच्या खाली: मासा सुस्त, लांब पाठलाग करत नाही.
- १० ते १५ अंश: विणीआधीची खादाडी सुरू होते, मासा खोल पाण्यातून उथळ काठाकडे सरकू लागतो.
- १५-१६ अंशांच्या पुढे: उथळ पाण्यात घरटी, वीण. नर अंड्यांची राखण करतो.
- २४ अंशांच्या पुढे: उन्हाळी वागणूक. पहाटे आणि संध्याकाळी उथळ पाण्यात, भर दुपारी दाट सावलीत किंवा खोल.

आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेला चाललाय हे जास्त बोलकं असतं. तीन दिवस चढत चढत १३ वर आलेलं पाणी आणि एका रात्रीत १७ वरून १३ वर आलेलं पाणी, या दोन वेगळ्या दुनिया आहेत. पहिल्यात वेगवान ल्यूर धरा, दुसऱ्यात लहान आणि संथ.

आडोसा. गवत, लाकूड, दगड, की मोकळं पाणी? गवत असेल तर ते तळाशी आहे, पृष्ठभागापर्यंत आलंय, की वर गालिचासारखं पसरलंय? लाकूड असेल तर एकच ओंडका की फांद्यांचा गुंता? ल्यूर अडकेल की नाही हे इथेच ठरतं.

वारा आणि आकाश. वारा ज्या काठावर आदळतो तिथे बारीक जीव ढकलले जातात, त्यांच्यामागे लहान मासे आणि त्यांच्यामागे बास. लाटांनी उजेड मोडतो, त्यामुळे बास निर्धास्त असतो. म्हणजे फेकायला जो काठ त्रासाचा, तोच बऱ्याचदा चांगला. ढगाळ दिवशी मासा आडोसा सोडून हिंडतो. थंड हवेची लाट येऊन गेल्यानंतरच्या दिवशी, निळं आकाश आणि कडक ऊन असताना, तो आडोशाला चिकटून बसतो आणि तोंडासमोर आलेलंच खातो.

तपासणी: नितळपणा, तापमान आणि त्याची दिशा, आडोसा, वारा-आकाश, या चारही गोष्टी एका ओळीत सांगता येत नसतील तर डबा अजून उघडू नका.

## टप्पा २: खोली आणि वेग ठरवा

बास वर बघून शिकार करणारा मासा आहे. डोक्यावरून जाणाऱ्या आमिषासाठी तो उठतो. पोटाखालून जाणारं बहुतेकदा सोडून देतो. म्हणून ल्यूर माशाच्या पातळीला किंवा किंचित वर चालला पाहिजे. मासा चार मीटरवर असेल तर दीड मीटरवर चालणारा ल्यूर कितीही सुंदर असो, त्याच्यासाठी तो नाहीच.

उन्हाळ्यात खोल तलावांत पाण्याचे थर पडतात. वरचा थर गरम, खालचा थंड, आणि मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा पट्टा. सुपीक, गवताळ तलावांत या पट्ट्याखाली प्राणवायू फार कमी असतो, त्यामुळे तिथे मासा थांबत नाही. फिश फाइंडरच्या (पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर हा पट्टा बऱ्याचदा धूसर आडव्या रेघेसारखा दिसतो. रेघ सहा मीटरवर असेल तर नऊ मीटरवर ल्यूर सोडून बसणं म्हणजे रिकाम्या घराची कडी वाजवणं.

वेगाचा नियम सोपा. गरम पाणी, ढग, वारा असेल तर जलद. थंड पाणी, कडक ऊन, हवा पडलेली असेल तर संथ. मध्ये कुठेतरी असाल तर जलद ल्यूरने सुरुवात करा, कारण त्याने जास्त पाणी धुंडाळून होतं.

## टप्पा ३: ल्यूरचा गट निवडा

आता डबा उघडा. तरीही एकच विशिष्ट ल्यूर नको, आधी गट धरा.

थंड पाणी, १० अंशांखाली. जर्कबेट, छोटा जिग (डोक्याला वजन असलेला गळ), नेड रिग (लहान जिगवर आखूड मऊ प्लास्टिक), धातूच्या पात्याचा ब्लेडबेट. जर्कबेट म्हणजे लांबट, पाण्यात तरंगत थांबणारा ल्यूर. दोन-तीन हलके झटके द्यायचे आणि थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं: दहा सेकंद, कधी त्याहून जास्त. इथे घाई करणारे दोनपर्यंत मोजतात आणि मासे नाहीत म्हणतात. जर्कबेट खरोखर एका पातळीवर थांबतोय का, हे काठाजवळ एकदा बघून घ्या. पाण्याच्या तापमानाने आणि लाइनच्या वजनाने त्याचं तरंगणं बदलतं. वर येत असेल तर पोटावर चिकटवायच्या बारीक वजनपट्ट्यांनी जुळवता येतं.

विणीआधी, १० ते १५ अंश. लिप (ल्यूरला खाली बुडवणारी पुढची जीभ) नसलेला क्रँकबेट, म्हणजे आत गोळ्या खुळखुळणारा चपटा ल्यूर, नवीन गवतावरून ओढायचा. गवतात अडकला की झटक्याने सोडवायचा. चावा बहुधा त्या सुटण्याच्या क्षणी येतो. लाकडाशेजारी चौकोनी जिभेचा क्रँकबेट. तो लाकडावर आपटून बाजूला उडतो आणि तो आपटण्यासाठीच आहे. अडकेल म्हणून लाकडापासून हातभर लांबून फेकलात तर त्याचा अर्धा उपयोग गेला.

उथळ पाणी, लाकूड आणि विरळ गवत. स्पिनरबेट, म्हणजे तारेवर फिरतं पातं असलेला ल्यूर. पात्याचा आकार इथे महत्त्वाचा. गोलसर कोलोरॅडो पातं जास्त पाणी ढकलतं, हादरे जोरात देतं आणि संथ ओढता येतं, म्हणून ते गढूळ किंवा थंड पाण्यासाठी. विलो, म्हणजे पानासारखं लांबट पातं, चमक जास्त देतं आणि वेगाने ओढलं तरी वर येत नाही, म्हणून ते नितळ पाण्यासाठी. गवत जरा दाट असेल तर त्याच जागी चॅटरबेट (डोक्यासमोर थरथरणारं पातं असलेला जिग).

पृष्ठभागावर गालिचासारखं पसरलेलं गवत. दोनच पर्याय. वरून पोकळ रबरी बेडूक, किंवा गवत भेदून खाली जाणारा जड टेक्सास रिग (पुढे गोळीसारखं वजन, मागे गळाचं टोक लपवून ओवलेलं मऊ प्लास्टिक). बाकी काहीही फेकलं तर मासा नाही, गवत पकडाल.

पहाट, संध्याकाळ, शांत उबदार पाणी. टॉपवॉटर, म्हणजे पृष्ठभागावर चालणारे ल्यूर. पाणी आरशासारखं असेल तर पॉपर (पाणी उडवत येणारा) किंवा डावी-उजवीकडे चालणारा ल्यूर, हलक्या हाताने. थोडी लाट असेल तर बझबेट, कारण तो आवाज करत येतो आणि लाटांतही कळतो.

खोल पाणी, उन्हाळी दुपार. कडा आणि उंचवटे शोधायला लांब जिभेचा खोल बुडणारा क्रँकबेट. मासे सापडले की मग कॅरोलिना रिग (वजनाच्या मागे लांब लाइनवर आमिष), फुटबॉल जिग (आडव्या, लांबट डोक्याचा) किंवा ड्रॉप शॉट. क्रँकबेट किती खोल जाईल हे पाकिटावरच्या आकड्यावर कमी आणि तुमच्या फेकीच्या लांबीवर व लाइनच्या जाडीवर जास्त ठरतं. लांब फेक आणि बारीक लाइन म्हणजे जास्त खोली. तळाला लागत नसेल तर ल्यूर बदलण्याआधी लाइन बघा.

नितळ पाणी, कडक ऊन, हवा पडलेली. ड्रॉप शॉट, नेड रिग, वॅकी रिग (मध्यभागी ओवलेला वर्म, म्हणजे मऊ प्लास्टिकचा किडा), शेकी हेड (जिगच्या डोक्याला ओवलेला वर्म). ड्रॉप शॉटमध्ये वजन सगळ्यात खाली आणि गळ त्याच्या वर १५ ते ४५ सेंटिमीटरवर असतो, त्यामुळे आमिष तळाच्या वर एका जागी थरथरत राहतं. नवख्यांकडून ते जास्त हलवलं जातं. वजन जागचं हलता कामा नये, फक्त लाइनचं सैलपण थरथरवायचं.

गढूळ पाणी. मासा डोळ्यांपेक्षा अंगावरच्या पार्श्वरेषेने हादरे टिपतो. मोठा आकार, जोरदार हालचाल: कोलोरॅडो पात्याचा स्पिनरबेट, चॅटरबेट, जाड झालरीचा जिग. गढूळ पाण्यात बास बहुधा उथळ आणि आडोशाला अगदी चिकटून असतो. एकाच ओंडक्याजवळून वेगवेगळ्या कोनांतून चार-पाच वेळा ल्यूर न्या. पहिल्या फेकीला त्याला सापडेलच असं नाही.

सावधान: एका दिवसासाठी तीन गट पुरेत. एक जलद, एक मध्यम, एक तळाशी संथ. आठ गट सोबत घेतले की गरवण्यापेक्षा गाठी मारण्यातच दिवस जातो.

## टप्पा ४: वजन आणि गळ

बासचं सामान बहुधा औंस आणि पाउंडात मोजतात. १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम; पाव औंस ७, तीन अष्टमांश १०.५, अर्धा १४ ग्रॅम.

टेक्सास रिगसाठी नियम: तळ कळेल एवढं हलकं, त्याहून जड नको. दोन मीटरपर्यंतच्या मोकळ्या पाण्यात ३.५ ते ७ ग्रॅम, खोल पाण्यात किंवा वाऱ्यात १० ते १४, गवताचा गालिचा भेदायला २८ ते ४२ ग्रॅम. टंगस्टन शिशापेक्षा बराच घन असल्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लहान होते आणि कठीण असल्यामुळे दगड की चिखल हे हाताला स्पष्ट कळतं. महाग आहे. तळाशी गरवणाऱ्याला परवडेल तेवढं घ्यावं, बाकीच्यांना शिसं चालतं, जिथे नियम परवानगी देतात तिथे.

गळ आमिषाच्या जाडीप्रमाणे निवडायचा, लांबीप्रमाणे नाही. जाड प्लास्टिकला रुंद वाकाचा ४/० किंवा ५/०, बारीक वर्मला ३/० (शून्याआधीचा आकडा मोठा तेवढा गळ मोठा). वॅकीला १/० च्या आसपास, ड्रॉप शॉटला १ नंबर किंवा १/०. मासा चावल्यावर प्लास्टिक दबून गळाचं टोक बाहेर यायला जागा हवी. लहान गळावर जाड आमिष ओवलंत तर गळ रुतवायचा हिसका नुसता प्लास्टिकमध्येच मुरतो.

तपासणी: टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवा. रुतलं तर ठीक. घसरलं तर कानस लावा किंवा बदला. ओवलेलं प्लास्टिक सरळ लोंबतंय का तेही बघा. वाकडं असेल तर ते गोल गोल फिरतं आणि लाइनला पीळ पडतो.

## टप्पा ५: लाइन

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबतो.

मोनोफिलामेंट, म्हणजे साधा नायलॉन, ताणला जातो आणि पाण्यात हळू बुडतो. टॉपवॉटरसाठी चांगला, कारण ल्यूरचं नाक खाली ओढत नाही. ताणामुळे तीनतोंडी गळ माशाच्या तोंडातून फाटून निघत नाहीत.

फ्लुओरोकार्बन पाण्यात बुडतो, कमी दिसतो, दगडावर घासला तरी जास्त टिकतो. क्रँकबेट, जर्कबेट, जिग, नितळ पाणी, सगळीकडे चालतो. टॉपवॉटरला मात्र लावू नका. लाइन खाली जाते आणि पॉपर पॉप करायचा सोडून घुटका घेतल्यासारखा पाण्यात डुबतो.

ब्रेड, म्हणजे विणलेला दोर, जवळजवळ ताणला जात नाही, पाण्यावर तरंगतो आणि तेवढ्याच ताकदीच्या मोनोपेक्षा फार बारीक असतो. गवत कापतो. पण नितळ पाण्यात दिसतो आणि दगडाच्या धारेवर लवकर कापला जातो. म्हणून नितळ पाण्यात ब्रेडच्या पुढे फ्लुओरोकार्बनचा लीडर, म्हणजे टोकाचा छोटा तुकडा, जोडतात.

कामचलाऊ जुळण्या (पाउंड म्हणजे लाइन किती ताण सोसते):

- ड्रॉप शॉट, नेड, वॅकी: १० ते १५ पाउंडांचा ब्रेड, पुढे ६ ते ८ पाउंडांचा फ्लुओरोकार्बन लीडर.
- जर्कबेट, क्रँकबेट: १० ते १२ पाउंडांचा फ्लुओरोकार्बन.
- स्पिनरबेट, जिग, साधा टेक्सास रिग: १५ ते १७ पाउंडांचा फ्लुओरोकार्बन.
- टॉपवॉटर: १५ पाउंडांच्या आसपासचा मोनो, किंवा ३० पाउंडांचा ब्रेड आणि पुढे छोटा मोनो लीडर.
- बेडूक आणि गालिचा भेदणं: ५० ते ६५ पाउंडांचा सरळ ब्रेड, लीडर नाही.

सावधान: ब्रेड थेट रीलच्या गुळगुळीत स्पूलवर (लाइन गुंडाळायच्या रिळावर) गुंडाळला तर मासा ओढताना सगळी गुंडाळी स्पूलवर घसरत फिरते, आणि ड्रॅग (मासा जोराने ओढू लागला की लाइन सोडणारी रीलची सोय) बिघडलाय असं वाटतं. माझी एक पूर्ण सकाळ चांगलं रील उघडून तपासण्यात गेली आहे, म्हणून सांगतो. आधी थोडा मोनो गुंडाळा, मग ब्रेड.

## टप्पा ६: काठी आणि रील

काठीवर दोन शब्द लिहिलेले असतात, पॉवर आणि ॲक्शन, आणि बहुतेक जण ते एकच समजतात. पॉवर म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो: लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी. ॲक्शन म्हणजे ती कुठून वाकते. फास्ट काठी फक्त शेंड्याकडे वाकते, मॉडरेट मध्यापर्यंत वाकते.

ॲक्शन गळावरून ठरवा. एकच जाड गळ असेल, जसा जिग, टेक्सास रिग, बेडूक, तर फास्ट, कारण जाड गळ रुतवायला थेट जोर लागतो. बारीक तीनतोंडी गळ असतील, जसा क्रँकबेट, तर मॉडरेट. कडक काठीने क्रँकबेटवर हिसका दिला की मासा तोंडाशी येऊन सुटतो, आणि लोक गळाला शिव्या देतात.

पॉवर आडोशावरून ठरवा. मोकळं पाणी आणि बारीक लाइन असेल तर मीडियम लाइट किंवा मीडियम. लाकूड, विरळ गवत असेल तर मीडियम हेवी. गालिचा असेल तर हेवी. काठीच्या बुंध्याजवळ ल्यूरच्या वजनाची आणि लाइनच्या ताकदीची मर्यादा छापलेली असते; तुमचा ल्यूर त्यातल्या ल्यूरच्या दोन आकड्यांच्या मध्ये बसला पाहिजे.

ल्यूर ७ ग्रॅम किंवा हलका असेल तर स्पिनिंग रील (फेकताना स्पूल स्थिर राहतो), २५०० किंवा ३००० आकाराचं. १० ग्रॅमच्या पुढे बेटकास्टर (फेकताना स्पूल फिरतो) सोयीचं. मधल्या वजनात हाताला जे बसेल ते. बेटकास्टरच्या गिअरचा (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल किती वेळा फिरतो) हिशोब असा: खोल क्रँकबेटला ५ च्या आसपास, कारण तो जोराने ओढतो आणि मंद गिअरला मनगट दुखत नाही. सर्वसाधारण कामाला ६ ते ७. जिग, बेडूक, जिथे सैल लाइन झटकन गोळा करायची असते तिथे ८ च्या आसपास.

दोनच काठ्या घेता येणार असतील तर: सात फुटी मीडियम हेवी फास्ट बेटकास्टरवर १५ पाउंडांचा फ्लुओरोकार्बन, आणि सात फुटी मीडियम फास्ट स्पिनिंगवर १० पाउंडांचा ब्रेड व ८ पाउंडांचा लीडर. बेडूक आणि खोल क्रँकबेट सोडून बाकी जवळजवळ सगळं निभतं.

## टप्पा ७: बांधा आणि जुळवा, याच क्रमाने

१. गाठ. ब्रेडला पॅलोमर. मोनो आणि फ्लुओरोकार्बनला सुधारित क्लिंच. ब्रेड-लीडर जोडायला डबल युनी. जमत असेल तर एफजी, ती काठीच्या कड्यांतून सहज सरकते. पुढे कडी नसलेल्या टॉपवॉटरला आणि जर्कबेटला सैल फासाची गाठ, म्हणजे तोंड मोकळं हलतं. आवळण्याआधी गाठ ओली करा. कोरडी आवळलेली फ्लुओरोकार्बनची गाठ स्वतःच्या घर्षणाने तापून कमजोर होते.

२. गाठ ओढून बघा. हाताला कापड गुंडाळून, जोरात. तुटायची असेल तर आत्ताच तुटू दे.

३. बेटकास्टरचा ताण. काठी आडवी धरून बटण दाबा. ल्यूर हळू खाली जावा आणि जमिनीला लागताच स्पूल थांबावा. फिरत राहिला तर बाजूचा नॉब थोडा आवळा. दर वेळी ल्यूरचं वजन बदललं की हे पुन्हा करायचं.

४. ब्रेक, म्हणजे फेकताना स्पूलचा वेग आवरणारा. आधी जास्त ठेवा, मग फेकीगणिक एकेक घर कमी करा. वाऱ्याविरुद्ध फेकताना परत वाढवा आणि ल्यूर पाण्याला लागण्याआधी अंगठा स्पूलवर टेकवा. कुठलाही ब्रेक अंगठ्याची जागा घेत नाही.

५. ड्रॅग. लाइनच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांश. ८ पाउंडांच्या लाइनला साधारण एक किलोवर सरकायला हवा. वजनकाटा लावून मोजा, अंदाजाने नको. बेडूक आणि गालिचा याला अपवाद: तिथे ड्रॅग जवळजवळ बंद ठेवतात, कारण मासा दोन हात खाली गेला की गवताला गुंडाळतो.

स्पिनिंग रीलवर फेकल्यानंतर स्पूलपुढची उघड-बंद होणारी तार हाताने बंद करा, हँडल फिरवून नको. पीळ कमी पडतो.

## टप्पा ८: रंग

आता रंग. नितळ पाण्यात तिथल्या लहान माशांशी किंवा खेकड्यासारख्या क्रॉफिशशी जुळणारे, अर्धपारदर्शक, हिरवट-तपकिरी. मध्यम पाण्यात पांढरा आणि शार्ट्रूज, म्हणजे पोपटी-पिवळा. गढूळ पाण्यात काळा-निळा, किंवा भडक शार्ट्रूज. रात्री काळा, कारण वरच्या उजेडासमोर त्याची आकृती ठळक दिसते. खोल पाण्यात लाल रंगावर पैसे घालू नका. पाणी लाल उजेड सगळ्यात आधी शोषतं आणि तो करडा-काळा दिसू लागतो.

लार्जमाउथच्या डोळ्यात लाल आणि हिरवा टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. गडद निळा आणि काळा, किंवा शार्ट्रूज आणि पांढरा, यांतला फरक तुम्हाला वाटतो तेवढा त्याला वाटत नाही. पाच रंग पुरतात, पन्नास नकोत.

## टप्पा ९: पाण्यावर बदल करताना

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि याच क्रमाने: आधी जागा, मग खोली, मग वेग, मग आकार, मग ल्यूरचा गट, शेवटी रंग. एकदम तीन गोष्टी बदलल्या आणि मासा लागला, तर कशामुळे लागला हे कळत नाही आणि दुसरा लागत नाही.

मासा ल्यूरमागे येतो पण धरत नाही, तर वेग बदला: झटकन वाढवा किंवा एकदम थांबवा. शेपटीला चावून सोडतोय, तर आकार लहान करा. लागतोय पण सुटतोय, तर ल्यूरला हात न लावता गळाची धार, काठीची ॲक्शन आणि हिसक्याची वेळ तपासा.

हिसक्याची वेळ ल्यूरप्रमाणे बदलते:

- बेडूक: पाणी फुटलं की हिसका देऊ नका. लाइनला वजन जाणवू दे, मग जोरात.
- टेक्सास रिग, जिग: टकटक जाणवली की सैल लाइन गुंडाळा आणि वर हिसका.
- क्रँकबेट: हिसका नाहीच. गुंडाळत राहा आणि काठी आडवी झुकवा.
- ड्रॉप शॉट: लाइन ताणून काठी हळूच उचला. बारीक गळ आपोआप रुततो.

तपासणी: दर मासा, दर अडकणं, आणि दगडात गरवताना दर पंधरा मिनिटांनी शेवटची एक मीटर लाइन बोटांच्या नखांमधून सरकवा. खरखरीत लागली तर कापा, नवीन गाठ मारा. मोठा मासा बहुतेक वेळा याच खरखरीत बोटभर लाइनवर सुटतो.

## मासा हातात आल्यावर, आणि घरी

हात ओले करा. लहान बास खालच्या ओठाला धरता येतो. मोठ्याला ओठाला धरून आडवं लोंबकळवू नका, जबडा दुखावतो. दुसरा हात पोटाखाली द्या. तीनतोंडी गळ असेल तर ओठात बोट घालण्याआधी सगळे गळ कुठे आहेत ते बघा, पक्कड आधी, बोट नंतर.

घरी आल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा, नाहीतर त्याच्या चकत्या दाबून बसतात आणि पुढच्या वेळी लाइन झटक्याझटक्याने सुटते. ओले ल्यूर डब्यात टाकू नका; एका ओल्या जिगने अख्ख्या खणातले गळ गंजतात. मऊ प्लास्टिकची आमिषं त्यांच्या मूळ पाकिटांतच राहू द्या. वेगवेगळ्या प्रकारचं प्लास्टिक एकत्र ठेवलं तर ते वितळून एकमेकांना चिकटतं, कडक ल्यूरचा रंगही सोबत उतरतो, आणि पुढच्या खेपेला डब्यात ल्यूर नाही, रंगीत लगदा निघतो.